टाकीच्या सावलीत

डिसेंबरच्या नऊ तारखेपासून रोज रात्री
साध्या पाण्यानं तोंड धुवायचं,
टॉवेल घासायचा नाही, नुसता टिपायचा,
मग वीस मिनिटं काहीच करायचं नाही.
ही वीस मिनिटं दांडिया बाजारातल्या आमच्या घरात
कुणाला पटत नाहीत.
बाबा विचारतात, ध्यानाला बसलीस का?

मग ती ट्यूब. अ‍ॅल्युमिनियमची, आतून काळोखी.
डॉक्टर म्हणाल्या, उजेड या औषधालाही सोसत नाही,
ते लावलेल्या कातडीलाही.
आणि लावायचं एवढंच:
त्यांनी चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेनानं
मटारचा एक दाणा काढला.
अख्ख्या चेहऱ्याला मिळून एक.
कपाळ, दोन गाल, हनुवटी,
चार ठिपके रांगोळीचे, मग जोडायचे.

तिसऱ्या आठवड्यात गालांचा हलवा झाला,
संक्रांतीचा, काटेच काटे.
नाकाकडेची कातडी सुटू लागली
भिजून वाळलेल्या पतंगाच्या कागदासारखी.
रमीलाबेननी जिन्यात अडवून सांगितलं, लिंबू चोळ.
हो म्हटलं. चोळलं नाही.
आधी वाढतील, मग उतरतील, बारा आठवडे धर,
असं डॉक्टर म्हणाल्या होत्या.
मी कॅलेंडर उलटलं.
उत्तरायण सहाव्यातच.

आमच्या ओळीतल्या गच्च्यांवर
अकराव्या वर्षापासून पेच माझ्याकडे असतो.
पेच म्हणजे दिवसभर मान मागे,
तोंड वर, सरळ सूर्याच्या तोंडात.
बाबा म्हणाले, एवढ्याशा मलमासाठी सण बुडवणार?
बुडवणार नव्हतेच.
दोन बोटं भरून सनस्क्रीन, कानाच्या पाळ्यांसकट,
वर बाबांचीच अंपायरिंगची जुनी पांढरी टोपी,
आणि मोबाईलमध्ये दर दोन तासांचा गजर.

गजर वाजला तेव्हा
जुबिली बागेकडचा एक हिरवा-काळा
माझ्या दोरीवर अर्धा चढला होता.
बाबा, धरा.
फिरकी सोडून त्यांनी दोरी घेतली,
कित्येक वर्षांनी.
मी आरसा न बघता गाल माखत होते,
त्यांनी ढील द्यायची तिथे खेचलं.
समोरच्या गच्चीवर थाळ्या वाजल्या, काप्यो छे!
बाबांनी आधी चिरलेलं बोट पाहिलं,
मग माझं पांढरंफटक तोंड,
आणि हरल्यावर कुणी हसत नाही तसे हसले.

बारा ते चार मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत.
तिथून फिरकी धरली, गुंडाळली,
कुणाचा कुठे कटला ते आवाजावरून ओळखलं.
सावली सरकली की मीही सरकायचे,
सूर्य उत्तरेला निघालेला,
मी टाकीभोवती.
आई काळ्या साडीत वर आली, हातावर हलवा ठेवला.
खाताना दोघी एकमेकींकडे न बघता हसलो.

उंधियू खाऊन हात धुतले तोवर आकाश विझलं होतं.
बाबांनी कपाटावरून तुक्कल काढले,
मागच्या वर्षीचे, एकाचा कागद फाटलेला,
त्यावर मी डिंक आणि वर्तमानपत्र लावलं.
टोपी काढली. गजर बंद केला.
पांढरा पतंग चढवला, मग दोरीला
एक, दोन, तीन, चार दिवे.
मान मागे टाकली आणि टाकलेलीच ठेवली.
अंधारात कुणाचाच गाल कुणाला दिसत नव्हता.
एकदाही पेच घेतला नाही.

साडेअकराला तोंड धुतलं, टिपलं, बसले.
मानेवर मागे बोटभर लाल पट्टा झोंबत होता,
तिथे लावायचं राहिलं होतं.
बाबा बोटाला चिंधी बांधून
शेजारच्या खुर्चीत येऊन बसले.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग, अजून किती?

सात मिनिटं.

बरं, म्हणाले,
आणि उठले नाहीत.